ॲपमध्ये शंभर टक्के, डबीत नऊ गोळ्या

"ॲपमध्ये लाल खूण आली, म्हणजे आता माझं संरक्षण गेलं का?" एचआयव्ही टाळण्यासाठी प्रेपची रोजची गोळी घेणारे आणि ती आठवण देणाऱ्या ॲपमध्ये नोंदवणारे (घेतली तर हिरवी खूण, चुकली तर लाल) हा प्रश्न सतत विचारतात. म्हणून एका तरुणाबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याच्या ॲपमध्ये महिनाभर सलग हिरव्या खुणा होत्या, तरी चेहरा उतरलेला. मी डबी मागितली. तीसपैकी नऊ गोळ्या शिल्लक.

"मग या खुणा?"

"अलार्म वाजतो तेव्हा मी ऑफिसात, गोळी घरी. 'घेतली' दाबलं की तो गप्प बसतो."

"आणि घरी गेल्यावर?"

"विसरतो. आठवलं तरी खूण खोडवत नाही. लाल दिसलं की नापास झाल्यासारखं वाटतं."

इथेच गाठ सुटली. गोळी चुकण्यापेक्षा खोटी नोंद जास्त घातक. किती चुकल्या ते डबी सांगते. कधी चुकल्या ते फक्त ॲप सांगू शकलं असतं. आणि अंतर कधी पडलं यावरच तर सगळं ठरतं. प्रेपच्या गोळीतलं औषध, टेनोफोविर, पेशींत काही दिवस टिकतं, त्यामुळे नियमित घेणाऱ्याची एखादी गोळी चुकली म्हणून संरक्षण लगेच जात नाही; सलग चार-पाच चुकल्या तर गोष्ट वेगळी. योनीमार्गे संबंधांत तर जवळपास रोजची गोळी लागते. त्याच्या चुकलेल्या तारखाच माहीत नव्हत्या, म्हणून आधी एचआयव्ही तपासणी केली, मग पुढची डबी. (मधल्या काळात जोखमीचा संबंध आला असेल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना गाठायचं.)

शिस्तीचे धडे मी देत नाही. माझा भर सवयीची जागा बदलण्यावर. अलार्म रात्री, फोन चार्जिंगला लावायच्या वेळी, डबी चार्जरशेजारी. आधी गोळी गिळायची, मग बटण. बाहेर असलात तर 'नंतर आठवण'. नोटिफिकेशनचा मजकूर 'पाणी प्या' असा ठेवायचा आणि लॉक स्क्रीनवर तोही लपवायचा. फोनच्या बॅटरी बचतीतून ॲप वगळायचं; नाहीतर अलार्म गुपचूप बंद पडतो आणि दोष स्वतःच्या माथी येतो. विसरलेली गोळी आठवताच घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन नाहीत. आठवड्यातून एकदा गोळ्या मोजून नोंदीशी ताळा करायचा. दर तीन महिन्यांची तपासणी मात्र ॲप कितीही हिरवं असलं तरी चुकवायची नाही.

पुढच्या भेटीत त्याने स्वतःहून फोन पुढे केला. तीन लाल खुणा, डबीतही तीनच जादा. तिन्ही शनिवारच्या, मुक्काम मित्राकडे. आता दोन गोळ्या बॅगेतल्या छोट्या डबीत असतात.