चाळणीत अडकलेलं पोट

प्रश्न : वय ५८. सोमवार-गुरुवार उपवास असतात. एरवी दोन पोळ्या (कणीक मी बारीक चाळणीने चाळते), भात, वरण, थोडी भाजी. पोट साफ होत नाही. मुलाने फायबरची बिस्किटं आणली आहेत. रोज नेमकं किती फायबर लागतं? थायरॉइडची गोळी चालू आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर, म्हणजे अन्नातला चोथा, सांगितलंय, तेही रोजच्या अन्नातून. तुम्ही लिहिलेल्या जेवणाचा मी ढोबळ हिशेब केला. पंधराच्या पुढे जाणं कठीण. आणि उपवासाला साबुदाणा खात असाल, तर त्या दिवशी त्याहून कमी, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. खिचडीत जो काही चोथा असतो तो दाण्याच्या कुटाचा!

आधी ती चाळणी मोठ्या भोकांची घ्या. कोंडा गाईला आणि साफ न होणारं पोट आपल्याला, हा व्यवहार मला कधी कळला नाही. एका वेळी पोळीऐवजी ज्वारीच्या दोन भाकरी खा. शंभर ग्रॅम पिठात साधारण दहा ग्रॅम फायबर असतं. सोबत वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ आणि दुपारी एक पेरू, बियांसकट. एवढ्याने पंचवीस सहज ओलांडाल. उपवासाला राजगिऱ्याची भाकरी, रताळं सालासकट उकडून.

पण उद्यापासून एकदम नको. पोट फुगेल, गॅस होतील आणि दोष भाकरीला द्याल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. पाणीही वाढवा, कोरडा चोथा उलट घट्ट बसतो.

बिस्किटांच्या पाकिटामागचा तक्ता वाचा. बहुतेकदा आधी मैदा नि साखर, मग कोंडा. त्यापेक्षा इसबगोल बरा, पण मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. थायरॉइडची गोळी आणि इसबगोल यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. शिवाय बद्धकोष्ठ हे थायरॉइड कमी असल्याचंही लक्षण आहे, तेव्हा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बऱ्याच दिवसांत तपासलं नसेल तर तपासून घ्या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा हा त्रास अलीकडेच सुरू झाला असेल, तर भाकरीचा प्रयोग करत बसू नका, आधी दवाखान्यात जा.