फळा नाही, वही दिसत नाही : ऑनलाइन गणिताचे प्रश्न

प्रश्न : मी सहावी-सातवीला गणित शिकवते. नुकतीच झूमवर शिकवणी सुरू केली. पांढरा फळा चकाकतो, मुलांना आकडे वाचता येत नाहीत. लॅपटॉपसोबत मोबाइल जोडला की आवाज घुमतो.

उत्तर : फळा सोडा, कागदावर लिहा. बहुतेक मुलांच्या हातात मोबाइल असतो. फळ्यावरचा आकडा त्यावर मुंगीएवढा दिसतो. टेबलावर साधारण एक फूट उंच पुस्तकांचा गठ्ठा रचा. मोबाइल त्यावर असा ठेवा की मागचा कॅमेरा काठाबाहेर येईल, आणि उरलेल्या भागावर जाड पुस्तकाचं वजन ठेवा. एवढ्या उंचीवरून आडवा ए-फोर कागद मावतो. बॉलपेनची रेघ पुसट दिसते, म्हणून काळं स्केचपेन घ्या. आकडे निदान एक सेंटिमीटर उंच, पानावर सात-आठ ओळी, बस्स. उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी आकड्यांवर पडते.

आवाज घुमतो कारण एका यंत्राच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याचा माइक पकडतो. मोबाइल नुसता म्यूट करून भागत नाही, त्याचा स्पीकर चालूच राहतो. मीटिंगमध्ये येताना मोबाइलचा ऑडिओ जोडूच नका. मग लॅपटॉपवरून मोबाइलच्या चौकटीला स्पॉटलाइट द्या, म्हणजे सगळ्यांना तीच मोठी दिसेल.

प्रश्न : ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो मॅडम’ म्हणतात. चाचणीत मात्र उत्तरं चुकतात.

उत्तर : वर्गात बाकांमधून फिरताना वह्या आपोआप नजरेस पडतात. ऑनलाइन शिकवताना तेच हरवतं, आणि नव्या शिक्षकाचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. तेव्हा ‘समजलं का?’ हा प्रश्नच बंद करा. ज्याचं उत्तर आकड्यात येईल असं काहीतरी विचारा, दर सात-आठ मिनिटांनी. समजा, १/२ + १/३ किती? ५/६ आलं तर ठीक. २/५ लिहिणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे, म्हणजे समच्छेद करण्याची गरजच त्याला पटलेली नाही. असे तीन २/५ आले, तर पुढचं उदाहरण थांबवून पोळीचे तुकडे काढून दाखवा.

उत्तरं चॅटमध्ये मागवा, पण आधी झूमच्या सेटिंगमध्ये मुलांचं चॅट फक्त होस्टपुरतं, म्हणजे तुमच्यापुरतं ठेवा. नाहीतर पहिल्या हुशार मुलाचं उत्तर पाहून बाकीचे तेच टाकतात. आणि थांबा. आवाज पोहोचायला वेळ लागतो, मग मूल आकडेमोड करणार, मग टाइप करणार. मनात तीसपर्यंत मोजा. ती शांतता शिक्षकाला जड जाते, मुलाला नाही.

वही कॅमेऱ्यापुढे धरायला सांगितली की काही मुलं अक्षरं उलटी दिसतात म्हणून वही खाली घेतात. ती उलटी फक्त त्यांना दिसतात, तुम्हाला सुलटच दिसतात. पहिल्याच दिवशी हे सांगून टाका.

प्रश्न : झूम चाळीस मिनिटांनी बंद होतं. पैसे भरावेत का?

उत्तर : या वयाला गरज नाही. पस्तीस मिनिटं शिकवा, उरलेला वेळ वहीत उदाहरणं सोडवू द्या.

प्रश्न : काही घरांत एकच मोबाइल असतो, तोही बाबा संध्याकाळी आणतात. त्या मुलांसाठी तासाचं रेकॉर्डिंग पाठवावं का?

उत्तर : अख्खा तास पाठवू नका. डेटा संपतो आणि मूल शेवटपर्यंत पाहत नाही. शिवाय त्यात इतर मुलांचे चेहरे येतात. त्याच पुस्तकांच्या गठ्ठ्यावरून मोबाइलच्या कॅमेऱ्याने एकेका उदाहरणाचा सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ वेगळा काढा. व्हॉट्सअॅपवर थेट टाकला तर तो दाबला जाऊन बारीक आकडे फिसकटतात. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून, म्हणजे ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच दिसेल असा ठेवून, दुवा पाठवा. डेटा कमी असेल तर मूल दर्जा उतरवून पाहू शकतं. सोबत दोन उदाहरणं द्या आणि वहीच्या पानाचा फोटो रात्री नऊपर्यंत मागवा. त्यात खाडाखोड दिसली तरी चालेल असं आवर्जून सांगा, कारण चूक कुठे झाली ते खाडाखोडीतच सापडतं.