वाचकांच्या शंका: तोफेचा राउंड नुसत्या आकड्यावरून ओळखू नका

बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात मुलाला घेऊन गेले होते. सी हॉक विमानाच्या नाकाखाली चार भोके दिसली. मुलगा म्हणाला ‘मशीनगन’, शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले ‘तोफ’. खरे कोणाचे? आणि विमानात गोळ्या किती मावतात? (वाचक, वास्को)

गृहस्थांचे बरोबर. १२.७ आणि १४.५ मिमीपर्यंत हेवी मशीनगन म्हणतात, २० मिमीपासून पुढे स्वयंचलित तोफ. ही रेषा उगाच आखलेली नाही. साधारण या मापापासून गोळ्याच्या पोटात स्फोटक आणि ते उडवणारा फ्यूज नीट बसवता येतात. मशीनगनची गोळी मुख्यतः भोक पाडते, तोफेचा गोळा लागल्यावर फुटतो.

सी हॉकवर २० मिमीच्या चार हिस्पॅनो मार्क ५ तोफा आणि प्रत्येकीला २०० राउंड (गोळा आणि त्यामागची दारूभरली पुंगळी मिळून एक राउंड). वेग मिनिटाला सुमारे ७५०, म्हणजे सेकंदाला साडेबारा. चाप दाबून धरला तर सोळा सेकंदांत पेटी रिकामी. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवरून कॉक्स बाजार आणि चितगाववर गेलेली विमाने हीच.

तिथल्या सी हॅरियरजवळही मुलाला थांबवा. त्याची ३० मिमीची एडन तोफ पोटाखालच्या पॉडमध्ये बसे. तिला रिव्हॉल्व्हरसारखे पाच घरांचे चक्र असते. एका घरात राउंड शिरत असतो, दुसऱ्यातला उडत असतो, तिसऱ्यातून पुंगळी बाहेर पडत असते. कामे एकामागून एक न होता एकाच वेळी चालतात, म्हणून एकाच नळीतून मिनिटाला १,२०० ते १,४०० राउंड सुटतात. दाबोळीवरून उडणाऱ्या मिग-२९के मध्ये जीएसएच-३०-१ ही एकनळी तोफ आहे आणि राउंड फक्त १००. मिनिटाला १,५०० च्या वेगाने ते चार सेकंदांत संपतात. म्हणून वैमानिक चाप धरून ठेवत नाही. अर्ध्या सेकंदाच्या झटक्यातही बारा राउंड जातात.

तटरक्षक दलाच्या बोटीवरची तोफ ३० मिमी, नौदलाच्या जहाजावरचीही ३० मिमी. मग एकीचे राउंड दुसरीत चालत असतील ना? ३०×१६५ असे लिहितात त्याचा अर्थ काय? (शिक्षक, फोंडा)

पहिला आकडा गोळ्याचा व्यास, दुसरा पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नुसते ‘३० मिमी’ म्हणणे म्हणजे चपलेची रुंदी सांगून लांबी न सांगणे. एडनचा राउंड ३०×११३, रशियन घराण्यातल्या तोफांचा ३०×१६५, अमेरिकेच्या ए-१० विमानाचा ३०×१७३. तिन्ही ३० मिमी, पण एकीचा राउंड दुसरीच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, बसत नाही. २३ मिमीचे तसेच. मिग-२१ च्या जीएसएच-२३ चा राउंड २३×११५, तर जमिनीवरच्या झेडयू-२३ चा २३×१५२. गोळे जवळपास सारख्या वजनाचे, पण दुसऱ्याच्या पुंगळीत दारू खूप जास्त. म्हणून पहिल्याचा वेग सेकंदाला सुमारे ७१५ मीटर, दुसऱ्याचा ९७०.

तुमच्या प्रश्नातली खरी मेख मात्र पुढे आहे. गोवा शिपयार्डने बांधलेल्या आणि २०१५ मध्ये तटरक्षक दलात आलेल्या समर्थ या नौकेवर सीआरएन-९१ तोफ आहे. लष्कराच्या सारथ चिलखती वाहनावरच्या २ए४२ तोफेचे हे नौदल रूप, मेडकच्या कारखान्यातले. याच शिपयार्डच्या आयएनएस सरयूवर एके-६३० आहे. दोन्हींचे राउंड ३०×१६५. पट्टी लावून मोजलेत तर फरक सापडणार नाही. तरीही एकीचे राउंड दुसरीत उडत नाहीत.

फरक बुडाशी, प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टिकलीत आहे. २ए४२ घराण्यात फायरिंग पिन प्रायमरवर आपटते आणि ठिणगी पडते. एके-६३० आणि विमानातल्या जीएसएच-३० मध्ये पिन आपटत नाही, ती टेकते आणि विजेचा झटका देते. विजेच्या प्रायमरवर पिन आपटून तो पेटत नाही. आपटी प्रायमरला वीज देऊन तोही पेटत नाही. म्हणून कोठारात मापापेक्षा पेटीवरचे लेबल आणि लॉट नंबर वाचायचा असतो. विजेचे राउंड हाताळताना आणखी एक पथ्य आहे. अंगावरची स्थिर वीज किंवा जवळच्या रडारच्या लहरी प्रायमरपर्यंत पोचू शकतात, म्हणून त्यांच्या बुडाला उघडा हात लावायचा नाही.

त्याहून जुने उदाहरण १९६१ चे, गोवा मुक्तीच्या वेळचे. दीवच्या पाण्यातल्या वेगा या पोर्तुगीज गस्ती बोटीवर २० मिमीची ओर्लिकॉन तोफ होती. आपल्या हवाई दलाच्या तुफानी आणि व्हॅम्पायर विमानांवर २० मिमीच्या हिस्पॅनो होत्या. नौदलाच्या ओर्लिकॉनचा राउंड २०×११०, हिस्पॅनोचाही २०×११०. इथे आकडेही जुळतात, पण बूड जुळत नाही. ओर्लिकॉनच्या पुंगळीची कड अंगापेक्षा बारीक असते, कारण तिचा बोल्ट, म्हणजे राउंड आत ढकलणारा ठोकळा, राउंडच्या मागोमाग स्वतःही चेंबरमध्ये शिरतो आणि पुढे सरकत असतानाच बार उडतो. त्या बोल्टला कुलूप नसते. त्याचे वजन आणि पुढे जाण्याचा जोर धक्का पेलतो. या रचनेत पुंगळी दाबाखाली असतानाच मागे सरकते, म्हणून राउंडना ग्रीस चोळावे लागे. विसरले की पुंगळी चेंबरला धरून बसायची, फाटायची, आणि ऐन वेळी तोफ बंद. हिस्पॅनोचा बोल्ट कुलूपबंद असतो, नळीतला वायू ते कुलूप सोडवतो.

जहाजावरच्या एका तोफेला एक नळी, दुसरीला सहा, असे का? (विद्यार्थी, पेडणे)

उष्णतेमुळे. एके-६३० मिनिटाला सुमारे ५,००० राउंड सोडते, पण ते सहा नळ्यांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला साधारण ८३० येतात. तिच्या २,००० राउंडांचा साठा चोवीस सेकंदांत संपतो. अंगावर येणारे क्षेपणास्त्र पाडायला मिळणारा वेळही फारसा नसतो. सीआरएन-९१ चा वेग साडेपाचशेच्या आसपास, आणि तो दोन-तीनशेवर उतरवताही येतो. तिला राउंड दोन बाजूंनी मिळतात, त्यामुळे स्फोटक आणि चिलखतभेदी यांतला प्रकार तोफचालक जागच्या जागी बदलतो. तस्करांच्या बोटीपुढे इशाऱ्याचे चार राउंड टाकायचे तर अशीच तोफ हवी.

लहान स्फोटक गोळ्यांवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे म्हणतात. मग हे चालते कसे? (वाचक, डिचोली)

१८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा हलके स्फोटक गोळे वर्ज्य ठरवले. मॅक्सिमची ३७ मिमी ‘पॉम-पॉम’ तोफ त्यातून सुटत होती, कारण तिचा गोळा एक पौंडाचा, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमचा. पहिल्या महायुद्धात विमाने आली आणि त्यांच्याविरुद्ध हलके स्फोटक गोळे सर्रास वापरात आले. हिस्पॅनोचा गोळा जेमतेम १३० ग्रॅमचा.

आजोबांच्या वेळची पितळी पुंगळी शोकेसमध्ये आहे. यंदाच्या पावसात तिच्या तोंडाला उभी चीर गेली. कोणी हातही लावला नव्हता. ती रिकामी आहे का, हे कसे ओळखावे? (वाचक, म्हापसा)

आधी रिकामी की भरलेली, ते पाहू. तोंडावर गोळा बसलेला असेल तर ती जिवंत समजा, मग कितीही वर्षे शोकेसमध्ये असो. तोंड उघडे असेल तर बॅटरीचा झोत टाकून तळ पाहा. आत कण, काड्या किंवा पुड्या असतील तर ती दारू. आत काही नसले तरी प्रायमर उरतो. प्रायमरवर खड्डा असला म्हणजे तो फुटला असे लोक धरून चालतात, पण पिन आपटूनही बार न उडालेल्या राउंडवर तसाच खड्डा असतो. उलट एडनसारख्या विजेच्या राउंडवर उडाल्यानंतरही आपटीचा खड्डा नसतो. नुसत्या डोळ्यांनी हा निर्णय होत नाही. शिवाय शस्त्र कायद्याच्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. ११२ ला फोन करा, बॉम्बशोधक पथकाला घरी येऊन पाहू द्या.

आता चीर. हा रोग जुना आहे आणि भारतातच गाजला. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात कोठारांतल्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकत, म्हणून त्याला ऋतूची तडक म्हणू लागले. कारण नीट उलगडले १९२१ मध्ये. पुंगळीचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त. ते थंडच ओढून आणि तोंड आवळून घडवले की धातूत ताण कोंडून राहतो. हवेत ओलावा आणि अमोनिया आला की अमोनिया धातूच्या कणांच्या सीमांवरून आत शिरतो आणि कोंडलेला ताण चीर उघडतो. तबेल्यातल्या घोड्यांच्या मुताने अमोनिया पुरवला होता. उपाय म्हणून नंतर पुंगळ्या कमी आचेवर तापवून ताण काढू लागले.

तुमच्या घरी घोडा नसेल, पण काचा पुसायच्या काही द्रव्यांत अमोनिया असतो आणि तो बंद शोकेसमध्ये साठतो. गोठ्याशेजारची खोली असेल तरी तेच. पथकाने रिकामी ठरवून परत दिली तर ते द्रव्य बंद करा, चिंचेने किंवा आमसुलाने घासून लगेच स्वच्छ पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडी करा. चीर भरायला डाग देऊ नका, तापवल्याने ती पुढे जाते. आणि पथक येऊन जाईपर्यंत घासणे, तापवणे, ठोकणे, खिळ्याने प्रायमर काढणे यांतले काहीही नको. शोकेस कुलूप लावून ठेवा, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.