‘फाशी झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न असा आला आहे: मथळा असतो ‘तिघांना फाशी’ आणि त्याखाली ओळ असते ‘आरोपी उच्च न्यायालयात दाद मागणार’. फाशी झालेला माणूस दाद कशी मागेल? याच वाचकाने पुढे विचारले आहे की फाशी, मृत्युदंड, देहदंड आणि देहान्त प्रायश्चित्त हे सगळे एकच का, आणि या शिक्षेवरच्या वादात सारखा येणारा ‘डिटरंट’ (एकाची शिक्षा पाहून इतरांना गुन्ह्यापासून परावृत्त करणारी गोष्ट) मराठीत कसा म्हणावा.

घोळ ‘होणे’ या क्रियापदाने घातला आहे. ‘दंड झाला’, ‘सहा महिने झाले’ या धर्तीवर आपण ‘फाशी झाली’ म्हणतो आणि त्यात शिक्षा सुनावणे व ती प्रत्यक्ष देणे या दोन्ही गोष्टी कोंबतो. दंडाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र या दोन टोकांमध्ये वर्षे जातात आणि पुष्कळदा दुसरे टोक येतच नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींना सत्र न्यायालयाने २००१ साली शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने २००४ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती कायम केली, २०१४ साली राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने अर्जाच्या निकालास झालेल्या विलंबामुळे ती जन्मठेपेवर आणली. या सगळ्या काळात ‘फाशी’ हा शब्द कितीदा छापून आला असेल! प्रत्यक्षात फाशी झालीच नाही.

म्हणून प्रत्येक टप्प्याचे क्रियापद वेगळे ठेवावे. सत्र न्यायालय शिक्षा सुनावते किंवा ठोठावते. उच्च न्यायालय ती कायम करते. ही निव्वळ अपिलाची गोष्ट नाही: दोषीने अपील केले नाही तरी सत्र न्यायालयाला प्रकरण वर पाठवावेच लागते आणि उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय शिक्षा अमलात येऊ शकत नाही. तेव्हा सत्र न्यायालयाच्या निकालावर ‘शिक्कामोर्तब’ लिहिणे चूक. शिक्का अजून उमटायचा असतो. पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील, पुनर्विचार याचिका, मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. अर्ज फेटाळला, तर ते कळवल्यापासून फाशीच्या दिवसापर्यंत किमान १४ दिवस जायला हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवून दिले आहे. हे सारे संपून फाशीचे वॉरंट अमलात आले की मगच ‘फाशी दिली’ लिहावे. आणि एक: दोषी ठरल्यावर तो ‘आरोपी’ राहत नाही, ‘दोषी’ किंवा कायद्याच्या भाषेत ‘सिद्धदोष’ होतो.

आता शब्दांकडे. ‘फाशी’ हे शिक्षेचे नाव नव्हे, ती देण्याच्या रीतीचे नाव आहे. संस्कृत पाश, प्राकृत पास, त्यातून आपले फास, फासा, फाशी. फासेपारध्यांच्या नावातला ‘फासे’ही हाच, जनावरे आणि पाखरे धरण्याचा. ‘मृत्युदंड’ म्हणजे शिक्षा, मग ती कशीही दिलेली असो. भारतात मुलकी न्यायालयांपुरते हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालून जातात, कारण ‘मरेपर्यंत गळ्याला फास देऊन लटकवावे’ असाच आदेश निकालात द्यावा लागतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ३५४(५) खाली होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९३(५) खाली आहे. पण लष्करी कायदा पाहा: १९५० च्या त्या कायद्यात लष्करी न्यायालयाला फाशी किंवा गोळी यांपैकी एक निवडता येते. साताऱ्याच्या गेंडामाळावर १८५७ साली इंग्रजांनी ज्या १७ जणांना मारले, त्यांतल्या काहींना फाशी दिली, काहींना तोफेच्या तोंडी दिले, काहींना गोळ्या घातल्या. मृत्युदंड सतराही जणांना, फाशी मात्र काहींनाच. म्हणूनच ‘अमेरिकेत इंजेक्शन देऊन फाशी’ हे वाक्य छापायला नको. तिथे मृत्युदंड दिला जातो, विषारी इंजेक्शनने. अलाबामा राज्याने तर २०२४ साली त्यासाठी नायट्रोजन वायू वापरला.

लेखनाबद्दल एवढेच की ‘मृत्यू’ सुटा असताना दीर्घ, समासात ऱ्हस्व: मृत्युदंड, मृत्युलेख, मृत्युपत्र. ‘मृत्यूदंड’ चुकीचे.

‘देहदंड’ हा मृत्युदंडाचाच जुना पर्याय आहे, पण ‘शरीराला कष्ट’ असाही त्याचा अर्थ होतो, उपासतापास करणाऱ्याच्या देहदंडासारखा. कायद्याच्या लिखाणात म्हणून तो टाळलेला बरा. ‘देहान्त शासन’ जुन्या वृत्तपत्रांत भेटते आणि त्याच अर्थाचे आहे. ‘देहान्त प्रायश्चित्त’ मात्र अगदी वेगळे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल (३० ऑगस्ट १७७३) रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना ते सांगितले, अशी परंपरा आहे, आणि त्यांनी ‘दंड’ न म्हणता ‘प्रायश्चित्त’ म्हटले यातच त्या उत्तराची धार आहे. दंड राजा करतो. प्रायश्चित्त पापी स्वतः घेतो, शास्त्री ते फक्त सांगतो. राजसत्ताच ज्याच्या हातात आहे त्याला दंड कोण करणार? आजचे न्यायालय कोणालाही प्रायश्चित्त देत नाही, म्हणून आजच्या शिक्षेला हा शब्द लावणे म्हणजे ती दोषीने मनाने पत्करली असे सुचवणे.

जुन्या मराठीत तर दर रीतीला तिचे नाव होते: कडेलोट, हत्तीच्या पायी देणे, गर्दन मारणे, सुळी देणे. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण जुन्या माणसांच्या तोंडी ‘संन्याशाला सुळी’ अशीच असे. रीत बदलली तसा म्हणीतला शब्द बदलला, पण निरपराध माणूस भलत्याच्या जागी मरण्याची भीती तीच राहिली. मृत्युदंडाच्या विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा मराठीने चार शब्दांत कधीच सांगून ठेवला आहे.

क्रियापदांतून आपण निवाडाही करत असतो. सोलापूरचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात ‘फासावर गेले’; खुन्याला ‘फाशी दिली’; आणि मोर्चातली घोषणा असते ‘फासावर लटकवा’. पहिल्यात जाणारा स्वतः कर्ता आहे, दुसऱ्यात कर्ता सरकार आहे, तिसऱ्यात बोलणाऱ्याचा संताप. बातमीत मधलेच वापरावे.

‘डिटरंट’चा प्रश्न अधिक खोल आहे, कारण इथे चुकीचा शब्द निवडला की युक्तिवादच बदलतो. सात शब्द हाताशी आहेत: प्रतिबंध, पायबंद, अद्दल, दहशत, वचक, धाक, जरब. ‘प्रतिबंधक शिक्षा’ म्हणू नये. प्रतिबंध म्हणजे गोष्ट घडूच न देणे, जशी प्रतिबंधक लस. मेलेला माणूस पुन्हा गुन्हा करू शकत नाही, हा प्रतिबंध झाला. तो बाहेर न सोडण्यानेही साधतो. ‘पायबंद’ घोड्याच्या पायातला, तो परिणाम सांगतो, कारण नाही. ‘फाशी देऊन अद्दल घडवा’ हे तर मुळातच बसत नाही: अद्दल ज्याला घडते तो पुढे शहाणा होऊन वागायला जिवंत असावा लागतो. ‘दहशत’ कायद्याच्या बाजूने वापरावा असा शब्द आता उरलेला नाही. वचक आणि धाक व्यक्तीचे असतात, मास्तरांचा, नव्या फौजदाराचा, आणि ते रोजच्या वावरातून टिकतात.

राहिला ‘जरब’, आणि माझी शिफारस त्याचीच. अरबी ‘ज़र्ब’ म्हणजे घाव. एकावर घाव पडतो आणि पाहणारे दुसरे बिचकतात, हेच तर या सिद्धान्ताचे म्हणणे आहे. शिवाय ‘जरब’ला मराठीत ‘बसणे’ लागते: जरब बसवावी लागते, बसते किंवा बसत नाही. म्हणजे तो दावा आहे, तपासता येणारा. ‘जरब बसवणारी शिक्षा’ म्हटले की ऐकणारा आपसूक विचारतो, कोणावर बसली? २०१५ च्या २६२ व्या अहवालात विधी आयोगाने (कायद्यांतील सुधारणा सरकारला सुचवणाऱ्या मंडळाने) हाच प्रश्न घेतला आणि जन्मठेपेहून अधिक जरब मृत्युदंडाने बसते याला आधार नाही, असे म्हणून दहशतवादाचे गुन्हे आणि देशाविरुद्धचे युद्ध वगळता ही शिक्षा रद्द करण्याची शिफारस केली. त्याच आयोगाने १९६७ च्या ३५ व्या अहवालात ती ठेवावी असे म्हटले होते. ‘कडक शिक्षा’ आणि ‘हमखास शिक्षा’ हे दोन शब्दप्रयोगही एकमेकांच्या जागी घालू नयेत. गुन्हेगार सापडेलच याची धास्ती वेगळी आणि सापडलाच तर काय होईल याची वेगळी. तपास रखडत असेल तर फक्त दुसरी वाढवून जरब बसत नाही, असे मला ठामपणे वाटते.

शिक्षेच्या बाजूने बोलणारे सगळेच जरबेचे नाव घेत नाहीत. काहींचे म्हणणे निव्वळ न्यायाचे असते. त्याला लगेच ‘सूड’ म्हणणे अन्यायाचे आहे. ‘कृत्याच्या तोलाची शिक्षा’ म्हणा. मुद्दा नीट पोचतो आणि नीट खोडताही येतो.

शेवटी दोन वापरून गुळगुळीत झालेले प्रयोग. ‘दुर्मिळातील दुर्मीळ’: लेखन असेच, विभक्तीच्या रूपात ‘मि’ ऱ्हस्व. पण मृत्युदंड केव्हा द्यावा याची जी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने बच्चन सिंग खटल्यात (१९८०) सांगितली, तिचे हे अर्धेच वाक्य आहे. उरलेले अर्धे असे की जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बंद झालेला असला पाहिजे. म्हणजे केवळ ‘अतिशय क्रूर’ एवढा त्याचा अर्थ नाही. माणूस सुधारण्याची शक्यताही तपासावी लागते. आणि ‘फाशी माफ’: जन्मठेपेवर आणलेली शिक्षा माफ झालेली नसते, सौम्य झालेली असते. माफी म्हणजे क्षमा, तिच्यात शिक्षा उरत नाही. जन्मठेप चौदा वर्षांची असते ही समजूतही यातच मिसळते. १९६१ साली गोपाळ गोडसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. चौदा वर्षे ही, मृत्युदंडही होऊ शकला असता अशा गुन्ह्यात, सरकारला सूट देऊन सोडण्याआधी भोगून घ्यावी लागणारी किमान मुदत आहे. ‘जन्मठेप’ या शब्दात ‘जन्म’ आहे, तो त्यासाठीच.