शून्य ठेवलं की बत्तीस का येतात?

प्रश्न : मी चौथीत असताना बाबांनी घेतलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक माळ्यावरून काढला. ४८ केचा (किलोबाइट मेमरीचा), रबरी कळांचा. चालू केल्यावर सिंक्लेअरची १९८२ सालची ओळ येते, लहान गेम चालतात. मोठा गेम चढवायला घेतला की सुरुवातीलाच ‘एम रॅमटॉप नो गुड’ म्हणून थांबतो. दुरुस्तीवाले म्हणतात, मेमरी गेली, आठही चिप बदलाव्या लागतील. खरंच आठही? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आठांना हात लावू देऊ नका. बहुधा एकच गेली आहे, आणि ती कोणती हे यंत्राकडूनच काढून घेता येतं.

आधी एक ओळ द्या : प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. (अक्षरं टंकत बसू नका, या यंत्रात ‘पी’ दाबलं की अख्खा ‘प्रिंट’ उमटतो. बाबांना विचारा, त्यांची बोटं विसरली नसतील.) धडधाकट ४८ के यंत्र ६५५३५ दाखवतं. तुमच्याकडे ३२७६७ येणार, पैज. म्हणजे यंत्र स्वतःला १६ केचं समजतंय. वरची ३२ के मेमरी त्याने हिशेबातूनच वगळली आहे. मोठा गेम पहिल्याच ओळीत वरची जागा मागतो आणि हे ‘नो गुड’ म्हणून हात वर करतं.

असं का समजतं? चालू करताच काळ्या पडद्यावर क्षणभर बारीक लाल उभ्या रेघा दिसतात ना? ती तपासणी. रॉम, म्हणजे यंत्रात कायमचा कोरलेला प्रोग्राम, मेमरीच्या प्रत्येक खणात २ ठेवतो. पडदासुद्धा मेमरीच असल्याने तोच २ आपल्याला लाल रेघ होऊन दिसतो. मग खालून वर जात प्रत्येक खणातून दोनदा एकेक वजा करतो. शून्य उरलं तर खण चांगला. जिथे उरलं नाही तिथे कुंपण.

आता कुंपणापलीकडे आपणच जाऊ. पोक ४००००,० करा (पोक खणात आकडा ठेवतो, पीक तो वाचतो) आणि मग प्रिंट पीक ४००००. गेल्या पावसाळ्यात इचलकरंजीहून माझ्याकडे असाच एक आला होता. शून्य ठेवलं की बत्तीस यायचे. ४०००० ला बत्तीस, ५०००० ला बत्तीस, ६०००० लाही बत्तीस. या यंत्रात एक चिप प्रत्येक खणाच्या आठ बिटांपैकी (बिट म्हणजे एक ० किंवा १) एकच सांभाळते, म्हणून मेमरीला आठ चिप लागतात. वरच्या मेमरीच्या चिप म्हणजे बोर्डावर छापलेल्या आयसी १५ ते आयसी २२. त्यांची किंमत क्रमाने १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. बत्तीस सहाव्या जागी, म्हणजे आयसी २०. बाकी सात निर्दोष. तुमच्याकडे जो आकडा येईल तो याच पट्टीवर मोजा. ४० आले तर ३२ आणि ८, म्हणजे दोन चिप. दर वेळी वेगळाच आकडा आला तर मात्र चिपवर आळ घेऊ नका, आधी मेमरीला खणांचे पत्ते पुरवणाऱ्या दोन ७४एलएस१५७ चिप बघा, आयसी २५ आणि २६.

एक गोम आहे. रॉमची ती परीक्षा अगदीच सोपी. २, १, ० एवढेच आकडे घेते, त्यामुळे वरचे सहा बिट कधी १ होतच नाहीत. त्यातला एखादा कायमचा ० ला अडकला तर हा पास! मग यंत्र स्वतःला ४८ केचं मानून वरच्या टोकाला स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची जागा) मांडतं, परतीचा पत्ता चुकतो, आणि लाल रेघा, पांढरा पडदा, पुन्हा लाल रेघा असं चक्र सुरू होतं. तेव्हा पोक-पीक करायला सवडच मिळत नाही. अशा वेळी यंत्र बंद करून चांगली ४१६४ चिप संशयिताच्या पाठीवर, पायाला पाय लावून बसवायची आणि चालू करून बघायचं. नेहमी जमत नाही, पण पैसे लागत नाहीत.

बदलायलाही ४१६४ च घ्या. मूळच्या चिप ६४ किलोबिटच्या, पण निम्म्या खराब निघालेल्या. सिंक्लेअरने एका बाजूने डागाळलेला हापूस घ्यावा तशा त्या स्वस्तात घेतल्या आणि चांगली बाजूच वापरली. त्यामुळे पूर्ण चांगली ४१६४ तिथे निवांत बसते. डेटाशीटमध्ये १२८ रिफ्रेश सायकल आहेत ना, तेवढं बघा (रिफ्रेश म्हणजे चिपमधला मजकूर पुसू नये म्हणून तो पुन्हा पुन्हा ताजा करणं), कारण यंत्राचा प्रोसेसर झेड-८० चा रिफ्रेशचा आकडा १२७ च्या पुढे जात नाही.

काढताना चिप वाचवायचा लोभ नको. मी पहिल्या वेळी केला. सोळाही पायांचं कथील ओढून घेतलं, चिप उचलली, तर खालचं तांबं कांद्याच्या पापुद्र्यासारखं तिच्याबरोबर वर आलं. मग टेलिफोनच्या तारेचा तुकडा जोडत रात्र गेली. आता बारीक कटरने सोळा पाय चिपच्या अंगालगत कापतो, धड फेकून देतो, आणि एकेक पाय चिमट्यात धरून सोल्डरिंगची इस्त्री लावतो. कथील वितळलं की पाय स्वतःच्या वजनाने सुटल्यासारखा येतो. ओढावा लागला तर समजा अजून तापलेलं नाही. मग भोकं साफ करून सोळा पायांचं सॉकेट लावा.

प्रश्न : स्पेक्ट्रमचा मूळ अडॅप्टर हरवला. राउटरचा ९ व्होल्टचा आहे, पिनही बसते. चालेल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पिन बसते हेच वाईट. स्पेक्ट्रमला मधला टोक ऋण लागतो, राउटरच्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन असतो. उलटा वीजपुरवठा गेला की आतला टीआर ४ ट्रान्झिस्टर जाऊ शकतो, आणि मग उणे ५ व्होल्ट बंद. खालच्या १६ केच्या ४११६ चिपना तीन व्होल्टेज लागतात. त्यातलं उणे ५ नसेल तर त्या तापतात आणि एकेक करून जातात. वर लिहिलेली ४१६४ तिथे चुकूनही बसवू नका, त्या जागेच्या आठव्या पायावर १२ व्होल्ट येतात.

जोडून झालं असेल तर लगेच बंद करा. मग योग्य अडॅप्टरवर अर्धं मिनिटच चालू ठेवून, मीटरची काळी तार खालच्या मेमरीतल्या आयसी ६ च्या सोळाव्या पायाला लावून मोजा : पहिल्यावर उणे ५, आठव्यावर १२, नवव्यावर ५. आकडे कळवा, पुढचं पुढच्या अंकात बघू.