तान्ह्या बाळासोबत लांब पल्ल्याचं विमान: वाचकांचे प्रश्न

बाळाला घेऊन दहा-बारा तासांच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघालेल्या आईबाबांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांना धास्ती आहे ती रडण्याची. पण विमानातलं बरंचसं रडणं कान, भूक किंवा मोडलेली झोप यांतून येतं आणि त्यावरचा उपाय विमानतळावर पोहोचण्याआधीच करून ठेवता येतो.

प्रश्न: आमची मुलगी सात महिन्यांची आहे. तिकीट काढताना बॅसिनेट (विमानात बाळाला झोपवायचा छोटा पाळणा) हवं असं लिहिलं होतं. ते नक्की मिळेल ना?

खात्री धरू नका. बॅसिनेट केबिनच्या आडव्या भिंतीलाच अडकवता येतं, त्यामुळे संपूर्ण विमानात अशा जागा मोजक्या असतात. वेबसाइटवर पहिल्या रांगेतली सीट निवडली म्हणजे बॅसिनेटही मिळालं असं होत नाही; त्याची विनंती वेगळी नोंदवावी लागते. तिकीट काढल्याच्या दिवशीच विमान कंपनीला फोन करून मुलीचं वय, वजन आणि लांबी सांगा आणि विनंती नोंदल्याचं ईमेलवर मागून घ्या. प्रवासात दोन कंपन्यांची विमानं असतील तर ज्या टप्प्यावर जी कंपनी प्रत्यक्ष विमान चालवते तिच्याशीच बोला. निघण्याच्या ४८ तास आधी पुन्हा विचारा आणि चेक-इनला लवकर जा, कारण शेवटचा निर्णय बऱ्याचदा तिथेच होतो.

वजनाची मर्यादा कंपनीगणिक बदलते, साधारण १० ते १४ किलोच्या आसपास. काही कंपन्या लांबीही मोजतात. दोन-तीन महिन्यांनी परतणार असाल तर परतीच्या वेळचं वजन धरा. आमच्या मते बाळ आधाराने उभं राहायला लागलं की बॅसिनेटचा नाद सोडावा. मर्यादेत बसत असलं तरी ते त्यात उठून उभं राहतं आणि कडेवरून पडू शकतं.

बॅसिनेट विमान उडाल्यावर लावतात आणि उतरण्याआधी काढतात. मध्ये सीटबेल्टचा दिवा लागला की झोपलेल्या बाळालाही उचलून मांडीवर घ्यावं लागतं. हवा खराब असेल तर हे रात्रीत अनेकदा होतं. चादरीत झोपलेलं बाळ उचलताना चादर सुटते, गार लागतं आणि झोप मोडते. त्यापेक्षा बाह्या नसलेली झोपेची पिशवी घाला, म्हणजे बाळ पिशवीसकट उचलता येतं. बॅसिनेटवर चादर टाकून अंधार करू नका. आत हवा खेळती राहिली पाहिजे आणि बाळाचा चेहरा तुम्हाला दिसला पाहिजे.

या रांगेची एक अडचण आधी कुणी सांगत नाही. समोर सीट नसते, त्यामुळे उडताना आणि उतरताना पायाशी बॅग ठेवू देत नाहीत, ती वरच्या कप्प्यात जाते. नेमकी तेव्हाच दुधाची बाटली लागते! एका छोट्या पाऊचमध्ये भरलेली बाटली, तोंड पुसायचं कापड आणि चोखणी घालून तो हाताशीच ठेवा. शिवाय ट्रे हातांमध्ये बसवलेला असल्याने मधले हात वर होत नाहीत, म्हणून शेजारची सीट रिकामी राहिली तरी बाळाला आडवं करता येत नाही.

प्रश्न: दीड वर्षाच्या मुलाला मांडीवर न्यावं की वेगळी सीट घ्यावी?

दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मांडीवर चालतं. आंतरराष्ट्रीय मार्गांवर त्याचं भाडं बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के आणि वर कर असं असतं. प्रवासादरम्यान मुलाचा दुसरा वाढदिवस येत असेल तर त्यानंतरच्या उड्डाणांना पूर्ण सीट लागते. हे तिकीट काढतानाच बघा, कारण परतीच्या आयत्या वेळी सीट महाग पडते.

परवडत असेल तर सीट घ्या, असंच आम्ही सांगू. विमान अचानक खाली बसलं तर मोठ्या माणसाचे हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत, हात कितीही घट्ट असले तरी. सीट घेतली तर कार सीटही न्या, पण तिच्यावर विमानात वापरायला मान्यता असल्याचं लेबल हवं. ते नसेल तर क्रू ती लावू देत नाही. नुसता बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, चालत नाही. कार सीटची रुंदी मोजा: साधारण ४० सेंटिमीटरपर्यंतची बहुतेक इकॉनॉमी सीटवर बसते. ती खिडकीशी लावावी लागते, म्हणजे इतरांची बाहेर पडायची वाट अडत नाही.

मांडीवर नेणार असाल तर अनेक कंपन्या बाळासाठी छोटा पट्टा देतात. तुमच्या पट्ट्यातून तो ओवायचा आणि बाळाच्या पोटाभोवती वेगळा लावायचा. अमेरिकी कंपन्यांच्या विमानांत तो मिळत नाही. मोठ्यांचा एकच पट्टा दोघांभोवती मात्र कधीच बांधू नका. धक्का बसला तर तुमच्या शरीराचा सगळा भार बाळावर येतो.

जुळी असतील तर हेही ध्यानात ठेवा: सलग सीटच्या एका गटात जादा ऑक्सिजन मास्क बहुधा एकच असतो. त्यामुळे मांडीवरची दोन बाळं शेजारी-शेजारी बसवत नाहीत.

प्रश्न: विमान उतरताना बाळाचे कान फार दुखतात असं ऐकलं. काय करावं?

कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने घशाच्या मागच्या भागाशी जोडलेली असते. विमान वर जाताना पोकळीतली हवा या नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि हवा आत यावी लागते, पण नळी आपणहून उघडत नाही. गिळताना ती उघडते. बाळांची नळी अरुंद असते, म्हणून त्यांना दडे लवकर बसतात आणि जास्त दुखतात.

म्हणून खरी तयारी उतरण्यासाठी करायची. बहुतेकजण चाकं बाहेर यायचा आवाज आल्यावर दूध पाजायला घेतात, तोवर उशीर झालेला असतो. विमान त्याच्या सुमारे अर्धा तास आधीपासून खाली येत असतं. उतरायला सुरुवात झाली की कळवा, असं क्रूला सांगून ठेवा. त्याआधीचं दूध थोडं कमी द्या, म्हणजे बाळाला भूक राहील. मग अंगावर पाजा किंवा बाटली द्या, सावकाश, मध्ये थांबत थांबत, बाळाचं डोकं उंच ठेवून. पोट भरलं की चोखणी. झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून या वेळी झोपलेल्या बाळाला उठवा. उड्डाणाच्या वेळी झोपलेलं असेल तर खुशाल झोपू द्या.

नाक चोंदलेलं असेल तर उतरण्याआधी सलाइनचे थेंब घालून नाक मोकळं करा. सर्दी-ताप असेल किंवा कान फुटला असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न: दूध आणि पाणी सुरक्षा तपासणीतून नेऊ देतात का? विमानात पावडरचं दूध कसं बनवायचं?

बाळासोबत असताना प्रवासापुरतं दूध आणि बाळाचं खाणं यांना १०० मिलिलिटरच्या नियमातून बहुतेक देशांत सूट असते. ते बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि आपणहून सांगा. काढलेलं अंगावरचं दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं. गोठलेल्या आइस पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत २४ तास. पॅक दगडासारखे कडक असू द्या. अर्धे वितळलेले असले की तपासणीत प्रश्न निघतात.

पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती कोमट पाण्यात कालवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार पाणी निदान ७० अंश तापलेलं हवं. तपासणीनंतर चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून घ्या. निर्जंतुक केलेल्या बाटल्या कोरड्याच न्या आणि पावडर कप्प्यांच्या डब्यात एकेका वेळची मोजून भरा. गरम पाण्यात पावडर मिसळा, झाकण लावून हलवा, मग थंड पाण्याच्या पेल्यात बाटली धरून निववा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. बनवलेलं दूध २ तासांत, आणि बाळाने तोंड लावल्यावर तासाभरात संपलं नाही तर ओतून टाका. दोन महिन्यांखालच्या किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी तयार द्रव दुधाची बंद पाकिटं जास्त सुरक्षित. विमानाच्या बेसिनचं पाणी बाळाच्या दुधाला मुळीच वापरू नका.

मध्ये विमान बदलायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी पुन्हा तपासणी होते आणि थर्मासमधलं पाणी ओतायला लावतात. पुढच्या बाजूला ते परत भरायला वेळ राहील असं कनेक्शन घ्या.

बाटली वर गेल्यावर गळते, त्याचं कारणही दाबच. केबिनमधली हवा ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असावी तितकी विरळ होते आणि बाटलीत अडकलेली हवा एक तृतीयांशापर्यंत फुगते. जमिनीवर घट्ट लावलेली स्ट्रॉची बाटली वर उघडली की दूध थेट शेजाऱ्याच्या शर्टावर! उड्डाणानंतर बाटली सरळ धरून, वर रुमाल ठेवून, झाकण हळूच सैल करा.

क्रूकडून दूध कोमट करून घेणार असाल तर भूक लागायच्या अर्धा तास आधी सांगा. बाळ मांडीवर असताना गरम पाण्याचा मग त्याच्या डोक्यावरून घेऊ नका, आधी टेबलावर ठेवायला सांगा.

केबिनची हवा फार कोरडी असते. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नको, दूधच जरा लवकर लवकर द्या. मोठ्या बाळासाठी फळं घेतली असतील तर ती विमानातच संपवा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत ताजी फळं आत नेऊ देत नाहीत.

प्रश्न: झोपेचं औषध दिलं तर?

देऊ नका. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या औषधांनी काही बाळं उलट जास्त चेकाळतात, आणि जी झोपतात त्यांच्या श्वासावर परिणाम होण्याचा धोका असतो. विमानात तर ऑक्सिजन आधीच कमी असतो. तापासाठी पॅरासिटामॉल बरोबर असू द्या, पण मात्रा वजनावरून डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तीच बाटली, तीच सिरिंज न्या. थेंबांचं औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असू शकतं.

प्रश्न: डायपर आणि कपडे किती घ्यावेत?

घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे तास मोजा, उशिराचे सहा तास मिळवा आणि दर दोन तासांना एक डायपर धरा. बाळाचे कपडे तीन जोड, आणि तुमचा एक टीशर्टही! डायपर बदलायची फळी ठरावीक शौचालयांतच असते. ती कुठे आहे ते बसल्याबसल्या विचारून घ्या. एक डायपर, चार पुसण्या आणि एक पिशवी अशी छोटी जुडी करून जा, कारण पूर्ण बॅग तिथे मावत नाही.

प्रश्न: मी एकटीच बाळाला घेऊन जाणार आहे. कोणते कागद लागतील?

बाळाचा स्वतःचा पासपोर्ट आणि लागत असेल तर व्हिसा. त्याशिवाय जन्मदाखला आणि बाळाच्या वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र ठेवा. कॅनडासह काही देशांत सीमेवर ते विचारू शकतात. बाबागाडी दारापर्यंत नेता येते, पण कनेक्शनला ती विमानाच्या दारात मिळणार की थेट शेवटच्या मुक्कामी, हे टॅग लावतानाच विचारा. शेवटी मिळणार असेल तर बाळाला अंगावर बांधायचं कॅरियर हवंच.

प्रश्न: पोहोचल्यावर बाळाची झोप किती दिवसांनी सुधारते?

वेळेतला फरक जितक्या तासांचा, जवळपास तितके दिवस. पूर्वेकडे गेल्यावर जास्त जड जातं. तीन महिन्यांखालच्या बाळाचं दिवस-रात्रीचं घड्याळ अजून बसलेलं नसतं, त्यामुळे त्याला फरक कमी जाणवतो. मोठ्या बाळाला सकाळी उजेडात बाहेर न्या आणि दिवसाची एक झोप दोन तासांच्या वर जाऊ देऊ नका. रात्री दोनला ते टक्क जागं होईल, कारण पोट अजून जुन्या वेळेवर असतं. तेव्हा दूध द्या, पण मोठा दिवा, खेळणं, फोन काही नको. दोघं असाल तर रात्री वाटून घ्या. दमलेल्या माणसाने बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी काढणं धोक्याचं असतं. पहिले दोन दिवस ओल्या डायपरवर लक्ष ठेवा. सहा ते आठ तासांत एकही ओला झाला नाही, किंवा तोंड कोरडं पडून बाळ मलूल वाटलं, तर त्याला प्रवासाचा शीण समजू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.