'मोयर' म्हणजे मोर नव्हे, आणि मयडेंही नव्हे

एका ताईंनी विचारलंय. लग्न करून पुण्याहून गोव्यातल्या बार्देशात आल्यात, शेजारच्या ख्रिस्ती आजी समोरच्या मुसलमान कुटुंबाला 'मोयर' म्हणतात. तर हा शब्द कोकणी की पोर्तुगीज, याचा मोराशी काही संबंध आहे की त्या केळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मोयरा गावाशी, आणि मुख्य म्हणजे ही शिवी आहे का, आपण वापरला तर चालेल का?

सोपं आधी उरकून टाकतो. मोराशी संबंध शून्य. मोयरा गावाचं कोकणी नाव मयडें, तिथली केळी म्हणजे मयड्याची केळी, त्याचाही इथे संबंध नाही. शब्द आलाय पोर्तुगीज 'मोउरो'वरून, म्हणजे आपण ज्याला 'मूर' म्हणतो तो. कुणी मोयर लिहितं, कुणी मैर. आता 'उ'चा 'य' कसा झाला असं विचाराल तर पोर्तुगीजमध्येच ही अदलाबदल आहे, सोन्याला 'ओउरो' पण आणि 'ओइरो' पण, बैलाला 'तोउरो' आणि 'तोइरो', तसंच 'मोउरो' आणि 'मोइरो'. माझ्या मते कोकणीने हे दुसरं रूप उचललं, शेवटचा 'ओ' गळला आणि झाला मोयर. ख्रिस्ती म्हणतात तसं गोव्यातले हिंदूही म्हणतात, पण शब्द आणला तो ख्रिस्ती जहाजांनीच.

आता हे मूर मुळात कोण? रोमन लोक उत्तर आफ्रिकेच्या त्या कोपऱ्याला, म्हणजे आजचा मोरोक्को आणि अल्जीरियाचा काही भाग, मौरेतानिया म्हणायचे आणि तिथल्या लोकांना मौरी. तेव्हा इस्लामचा जन्मही झाला नव्हता. पुढे ७११ साली तारिक बिन झियाद समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरला, त्याच्या फौजेत बहुतेक सगळे बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मूळ रहिवासी, आणि तिथल्या ख्रिश्चनांनी त्यांना जुन्याच नावाने ओळखलं. मग हळूहळू अरब असो, बर्बर असो की तिथलाच धर्म बदललेला माणूस, मुसलमान म्हणजे मूर असं समीकरण बसलं. भूगोलाचा शब्द धर्माचा झाला, एवढीच गोष्ट. आपणही तेच केलंय हं, 'यवन' म्हणजे मुळात आयोनियातला ग्रीक, आणि बखरींमध्ये बघा तो शब्द कुणासाठी येतो.

पोर्तुगालने मुसलमानांकडून शेवटी फारो शहर १२४९ मध्ये जिंकलं, स्पेनमध्ये ग्रानाडा १४९२ ला पडलं, म्हणजे शेकडो वर्षं हे लोक एकमेकांशी लढले पण आणि एकमेकांशेजारी राहिले पण, आणि दोन्ही गोष्टी भाषेत उतरल्यात. पोर्तुगीजमध्ये 'मोउरेजार' असं क्रियापद आहे, अर्थ मरमर राबणे, अक्षरशः मुरासारखं राबणे. स्पॅनिशमध्ये कुणी चोरून ऐकत नाही ना असं बघायचं असेल तर 'किनाऱ्यावर मूर नाहीत ना' असं म्हणतात, आपल्या 'भिंतीला कान असतात'सारखं. लिस्बन ११४७ मध्ये जिंकल्यावर उरलेल्या मुसलमानांना जिथे राहू दिलं तो मोहल्ला आजही मोउरारिया म्हणूनच ओळखला जातो. आणि तिकडच्या लोककथांमध्ये जुन्या किल्ल्यांत, विहिरींपाशी सोन्यावर बसलेल्या शापित मूर सुंदऱ्या असतात. म्हणजे शत्रू तोच, मजूर तोच, शेजारी तोच आणि भूतही तोच. एकाच शब्दात एवढं सगळं भरलेलं होतं, आणि ते सगळं घेऊन पोर्तुगीज आपल्याकडे आले.

आले तेव्हाचा प्रसंग मला फार आवडतो. मे १४९८, वास्को द गामाची जहाजं कालिकतजवळ. त्याने स्वतः न उतरता एका शिक्षा झालेल्या कैद्याला किनाऱ्यावर पाठवलं (मेला तर मेला). त्याला लोकांनी नेलं ते ट्यूनिसच्या दोन मुरांकडे, कारण याची भाषा दुसऱ्या कुणाला समजणार! त्यांचं पहिलं वाक्य होतं, सैतान घेऊन जावो तुला, इथे कशाला तडमडलास? याने सांगितलं, ख्रिश्चन आणि मसाले शोधायला. म्हणजे हजारो मैल ओलांडून हिंदुस्थानात पाय ठेवला तर भेटला कोण, घरचाच जुना वैरी, आणि अख्ख्या किनाऱ्यावर यांच्याशी बोलू शकणारा पण तोच.

पुढची गंमत शब्दाची आहे. पोर्तुगीजांच्या डोक्यात जगात माणसं दोनच प्रकारची, मूर आणि ख्रिश्चन. मग कालिकतचे जे लोक मूर नाहीत ते कोण, तर ख्रिश्चनच असणार! म्हणून ते एका देवळात गेले, ते त्यांना चर्च वाटलं, तिथे प्रार्थनाही केली. नंतरच्या एका पोर्तुगीज बखरकाराने लिहिलंय की गामाच्या एका सोबत्याला मूर्तीबद्दल शंका आली आणि गुडघे टेकताना तो म्हणाला, हा सैतान असेल तर मी खऱ्या देवाला नमस्कार करतोय. हिंदूंसाठी 'जेन्तिओ' हा वेगळा खण नीट पडायला थोडा वेळ गेला, मुसलमानासाठी खण मात्र आधीपासून तयार होता. २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज सरदार आल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला आणि शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली, तेव्हा तुर्क, अरब, स्थानिक सगळे एकाच शब्दात मोजले गेले. हे सांगायलाच हवं, कारण नुसतं 'गोड जुना शब्द' म्हणून पुढे जाता येत नाही.

आणि हा शब्द फक्त गोव्यात मुरला असं नाही. श्रीलंकेत तमिळ बोलणाऱ्या मुसलमानांना आजही जनगणनेत अधिकृतपणे 'मूर' म्हणतात. स्पॅनिश लोक फिलिपिन्सला पोचले तर मिंदानाओत, सुलूत पुन्हा मुसलमान, झालं, त्यांनाही 'मोरो' करून टाकलं. पण तिथे उलटंच घडलं, त्या लोकांनी तो शब्द स्वतःचा झेंडा केला आणि आता २०१९ पासून त्यांचा बांग्सामोरो नावाचा स्वायत्त प्रदेशच आहे. अहो, अठराव्या शतकात इंग्रज आपल्या हिंदुस्थानी भाषेलाच 'मूर्स' म्हणायचे, १७७२ चं हॅडलीचं व्याकरण त्याच नावाखाली निघालंय.

आरशाची दुसरी बाजू पण बघा. अरबांनी युरोपातल्या समस्त ख्रिश्चनांना फ्रँक लोकांवरून 'इफ्रंज', 'फिरंज' केलं, जर्मन असो की इटालियन. तो शब्द फारसीतून आपल्याकडे येऊन 'फिरंगी' झाला आणि चिकटला नेमका पोर्तुगीजांना. म्हणजे कोकण किनाऱ्यावर एक जण दुसऱ्याला मूर म्हणतोय, दुसरा त्याला फिरंगी, आणि दोघंही ते नव्हेतच. आपण तर पुढे जाऊन तलवारीला फिरंग म्हटलं, आणि चाकणचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा.

चर्चने मुसलमानांना मुसलमान कधी म्हटलं? कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ च्या एका लॅटिन दस्तऐवजात 'मुसुल्मानोस' आहे, आणि २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते'मध्ये सरळ 'मुस्लिमोस', चर्च त्यांच्याकडे आदराने बघतं, ते एकाच देवाला भजतात, मागची भांडणं विसरून एकमेकांना समजून घ्या असं. मूर नाही, सारासेन (युरोपातलं मुसलमानांचं आणखी एक जुनं नाव) नाही, महंमदी नाही. ते लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात तेच नाव. मला त्या दस्तऐवजातल्या बाकी मजकुराइतकाच हा एक शब्द मोठा वाटतो.

तर शिवी आहे का? आजींच्या तोंडी नाही. पण आपण बाहेरून येऊन उचलू नये, समोरच्याला नावाने हाक मारावी, वर्णनच करायचं तर मुसलमान म्हणावं. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, माझी छत्री मोडली होती आणि एका ख्रिस्ती म्हातारीने बोट दाखवून सांगितलं, 'त्या मोयराक विचार.' छत्रीवाल्याने ते ऐकलं, काही वाटल्याचं दिसलं नाही. तो काडी बसवत असताना मीच विचारलं, तुम्हाला मोयर म्हटलेलं चालतं का हो? तो म्हणाला ती किरिस्तांव, ती आम्हाला मोयर म्हणते, हिंदूंना कोंकणो म्हणते. मग छत्री उघडून बघितली, बंद केली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, 'आनी तुमी घांटी.'